रथापुढची की रथामागची?

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बदकाच्या पिल्लाबद्दल विचारा, तेच उत्तर मिळतं, आणि वर ‘काय बाई विचारतेय’ असा चेहरा. खरंच आहे ते. पोहायला शिकवावं लागत नाही. पाण्यातून बाहेर यायला शिकवावं लागतं. अंग कोरडं ठेवायला आणि दिवस मावळला की घरी यायलाही शिकवावं लागतं. ज्यांची आई इनक्युबेटर आहे त्यांना हे शिकवायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ते माझ्या गळ्यात पडलं. मी बारामतीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला सगळं आधीपासूनच माहीत होतं. पुढचं जे काही झालं ते त्यामुळेच झालं.

दर जानेवारीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं. बारामतीत राहून तिथं न जाणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळात न जाणं. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी घरी येऊन एखादं खूळ डोक्यात घेते. अझोला करून झाला, अळिंबी करून झाली. त्या वर्षी शेततळ्यात मासे आणि माशांवर बदकं, असं खूळ शिरलं. हिशेब सोपा आहे. बदकं पाण्यात विष्ठा टाकतात, त्या खतावर शेवाळ आणि प्लवक वाढतं, त्यावर मासे पोसतात. हेक्टरी दोनशे ते तीनशे बदकं पुरे होतात. लासुर्ण्याच्या अंगाला आमचं शेत आहे आणि त्यात तीस बाय तीस मीटरचं शेततळं, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आतबाहेर. त्याला वीस-पंचवीस बदकं बसतात. मी बारा मागवली.

“सुरुवातीला कमीच बरी,” मी नवऱ्याला म्हणाले.

“अगं, मग सुरुवातीला एकही नको. आणखी बरं,” ते म्हणाले.

जात खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन रनर आणि रुआँ बदकांच्या संकरातून ती तयार केली. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते. मी वहीत बारा गुणिले तीनशे केलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. कॅम्पबेलबाई गृहिणी होत्या. मी तर एमएस्सी.

पिल्लं एका दिवसाची, खोक्यातून आली. मुठीएवढी, चोच मात्र वयाच्या मानानं मोठी. त्यांचा ब्रूडर मी जुन्या कूलरचा केला. आतली मोटार काढली, वाळ्याच्या ताट्या काढल्या, खाली लाकडाचा भुसा अंथरला, वरून बल्ब सोडला. पहिल्या आठवड्यात तेहेतीस-चौतीस अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. बल्ब लावून मी निवांत झोपले. सकाळी पाहते तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होती. स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांना कारण विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “मॅडम, बल्ब एलईडी आहे का?” एलईडी उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. ही गोष्ट नववीच्या पोराला कळते, असं ते म्हणाले नाहीत. मनाचा मोठेपणा. जुना पिवळा बल्ब मागायला मी बारामतीतली विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकत एक काढून दिला. “कशाला लागतो, बाई?” त्यानं विचारलं. “बाळांना,” मी म्हणाले. तो पुढं काही बोलला नाही.

कोंबडीचं पिल्लू पाणी पितं. बदकाचं पिल्लू पाण्याचा संसार मांडतं. खाताना त्याला नाकपुड्या बुडवता येतील एवढं पाणी जवळ लागतं, नाहीतर खाद्य घशात अडकतं. म्हणून मी खोलगट भांडं ठेवलं. ती खाद्याचा घास घ्यायची, पाण्यात कालवायची, उरलेलं भुशात ओतायची आणि त्या चिखलात समाधानानं बसायची. कोंबडीच्या पिलांपेक्षा यांना नायसिन जास्त लागतं, नाहीतर पाय लुळे पडतात, म्हणून मी पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं औषध घालत होते. त्याचा वास, चिखलाचा वास आणि त्यांचा स्वतःचा वास मिळून वरच्या मजल्यावर असं काही तयार झालं की शेजारच्या काकूंनी ड्रेनेज साफ करणाऱ्याचा नंबर आपण होऊन आणून दिला.

आणि ती माझ्यामागे लागली. कोन्राड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हंसांच्या पिलांवर हे दाखवून दिलं होतं: अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीच्या काही तासांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल, त्यालाच पिल्लू आई मानतं. पुढं १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. मी ही गोष्ट वर्गात रंगवून सांगते, फळ्यावर दाढीवाल्या माणसामागे पिलांची रांगही काढते. आता मी बाथरूमला निघाले की बारा जणं मागून. मी थांबले की थांबायची. दार लावलं की दाराबाहेर असा आकांत, की नवऱ्यानं फोनवर बोलताना “काही नाही, घरी थोडं शोकाकुल वातावरण आहे” असं सांगितलेलं मी ऐकलं.

पाच आठवडे होत आले तशी पोटाला पिसं फुटली, पण पाठीवर अजून पिवळी लव होती. पुस्तकं म्हणतात, पिसारा पुरा व्हायला सात-आठ आठवडे लागतात. पुस्तकांच्या घरात वास येत नव्हता. मी जाहीर केलं, पिल्लांना आता मोकळ्या हवेची गरज आहे, शेतावर न्यायची. नवऱ्याला ज्या दिवशी सुट्टी मिळाली तो दिवस ठरला. तो दिवस तुकाराम महाराजांच्या पालखीचा निघाला. पालखी आदल्या रात्री बारामतीत शारदा प्रांगणात होती आणि सकाळी सणसरच्या मुक्कामाला निघणार होती, म्हणजे आमच्याच रस्त्यानं. १६८५ सालापासूनचं हे वेळापत्रक. ते साऱ्या पंचक्रोशीला पाठ आहे, फक्त जीवशास्त्र विभागाला नव्हतं.

“कालव्याच्या कडेनं जाऊ,” नवरा म्हणाले.

“पालखीच्या आधी निघू की,” मी म्हणाले.

वारकरी पहाटेच निघतात. आम्ही निघालो तेव्हा पुढच्या दिंड्यांनी बरीच वाट कापली होती. काटेवाडीच्या अलीकडे पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. काटेवाडीला पालखीसाठी धोतराच्या पायघड्या घालतात आणि रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते पाहायला जमलेली गर्दी, टाळ-मृदंग, गाडीत दाटलेला उष्मा. क्रेटमध्ये पिल्लं चोची वासून धापा टाकायला लागली. मी दार उघडलं, क्रेटचं झाकण जरा सैल केलं आणि पाणी आणायला टँकरकडे निघाले. निघाले म्हणजे काय, ते आता सांगायला नको.

मी एक-दोन हाका ऐकल्या, हसण्याचा गलका ऐकला, आणि मागं वळून पाहिलं. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांची रांग माझ्या उजवीकडून चालली होती आणि माझ्या मागून बारा पिल्लं, एकामागे एक, माना उंच करून. पुढची थांबली तसं शेवटचं त्यांच्यावर आदळलं. एक पांढऱ्या मिश्यांचे बाबा वीणा सावरत थांबले, पिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पूर्ण गांभीर्यानं विचारलं, “माउली, ही दिंडी रथापुढची का रथामागची?”

त्यांच्या सोबतच्या आजींनी कनवटीचा शेंगदाण्याचा लाडू काढून कुस्करला आणि पिलांपुढं टाकायला वाकल्या. आता गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, “आजी, नको. शेंगदाण्याला बुरशी असली तर त्यात अफ्लाटॉक्सिन असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडीनं एक लाखावर टर्की मेल्या. बदकाच्या पिलाला तर ते फार लवकर बाधतं.” आजींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला लाडू उजेडात धरून उलटसुलट पाहिला. “आन् माणसाला?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “माणसालाही वाईटच.” तेव्हा त्या लाडू खात खात म्हणाल्या, “आळंदी-देहू करून म्हातारी झाले गं बाई. तुझ्या पिल्लांना जप.”

पिलांना ओढणीत गोळा करून गाडीत भरेपर्यंत रथ आला, मेंढ्या धावल्या, आणि मला त्यातलं काहीही दिसलं नाही. मी सीटखाली होते. एक पिल्लू तिथं होतं.

शेतावर पोहोचलो तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी क्रेटमध्ये डोकावून पाहिलं. “आगं, ह्यांच्या पाठी अजून उघड्या हायत्या. चार रोज खुराड्यात कोंड. जागा वळखू दे. मग सोड.”

“आत्या, त्यांना फ्री रेंज वाढवायचंय,” मी म्हणाले.

“काय वाढवायचंय?”

“मोकळं.”

“मग मोकळं कर बाई,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणीकडे वळल्या. आत्यांचं वादात पडणं नसतं. त्या फक्त बघायला थांबतात.

मी शत्रूंची यादी करून आणली होती: मुंगूस, बोका, घार, वस्तीवरची कुत्री. कडबनवाडीच्या माळावरचा लांडगासुद्धा होता त्यात. इतक्या लांबून तो बारा पिलांसाठी कशाला येईल, हा प्रश्न मला पडला नव्हता. मी सगळीकडे नजर ठेवून पिलांना गवतावर सोडलं. त्यांनी गवत पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि बांध चढून थेट शेततळ्यात घसरली.

पोहली! काय सुंदर पोहली! मी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ काढला. तो अजून आहे, त्यात माझा आवाज येतो: “बघा, उपजत!”

आता शेततळ्याबद्दल थोडं. आमच्याकडचं शेततळं म्हणजे तळं नव्हे, ती काळ्या प्लॅस्टिकच्या कागदानं मढवलेली उतरती टाकी असते. कागद पाचशे मायक्रॉनचा, गुळगुळीत. ओला झाला की त्यावर माणसालाही पाय ठरवता येत नाही, म्हणून काठाला गाठी मारलेले दोर आणि टायरच्या ट्यूबा बांधून ठेवतात. अशा तळ्यांत माणसं गेली आहेत, ही थट्टेची गोष्ट नाही. आमचा दोर दिरांनी पक्का बांधलेला होता आणि नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन लांबल्यामुळे पाणी कमरेएवढंच होतं. माशांचं बीज अजून सोडायचं होतं. एरवी मी पाटबंधारे खात्याच्या नावानं बोटं मोडते. त्या दिवशी मोडली नाहीत.

थोड्या वेळानं पिल्लं काठाकडे आली. चढायला लागली. चार पावलं वर, घसरून खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि ती पाण्यात खाली-खाली बसायला लागली. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीनं पिसांना चोपडलं की पाणी आत शिरत नाही. कोवळ्या पिलाची ही व्यवस्था कच्ची असते. आईच्या पोटाखाली वाढलेल्याला तिच्या पिसांचं तेल मिळतं. कूलरखाली वाढलेल्याला कूलरचं मिळत नाही. हा मुद्दा मी परीक्षेला विचारलेला आहे. पाच गुणांना.

पिल्लं चिंब भिजली होती आणि माझ्याकडे बघून ओरडत होती. मी दोर धरला आणि उतरले. उतरले हे मी म्हणते. पाहणारे वेगळं क्रियापद वापरतात. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले तशी बाराच्या बारा माझ्याकडे आली आणि मिळेल त्या जागी चढली. दोन खांद्यांवर, काही ओढणीत. एकानं नखं रोवत मानेवरून डोक्यावर चढून अंबाड्यावर बैठक मारली आणि पंख झटकले.

बांधावर आत्या, दीर आणि नवरा. डाळिंबात फवारणी करणारे गडीही पंप बंद करून आले. दिरांनी दोराला बादली बांधून सोडली. मी तिच्यात चार पिल्लं घातली, त्यांनी ती वर ओढली आणि पिल्लं बांधावर ठेवली. पिलांनी आजूबाजूला पाहिलं. आई खाली आहे असं दिसल्यावर ती चारही धावत काठाशी आली आणि घसरत पुन्हा माझ्याकडे. परत बादली. परत तेच. तिसऱ्या खेपेला गड्यांपैकी एकजण हसता हसता खाली बसला.

“वहिनी, तुम्ही आधी वर या,” दीर म्हणाले. मी दोर धरून वर निघाले तर खालून असा टाहो फुटला की मी परत उतरले. लॉरेन्झसाहेबांचे हंसांबरोबर पोहतानाचे फोटो आहेत. त्यांच्या तळ्याला प्लॅस्टिक नव्हतं.

शेवटी आत्या उठल्या. गोठ्यातून जुनी बारदानं आणली, दाभणानं एकाला एक टाचली, वरचं टोक खुंटाला बांधलं आणि ती पट्टी पाण्यापर्यंत सोडली. “आता त्याच्यावरनं ये. हळूहळू. रांगत ये,” त्या म्हणाल्या. “तू आलीस की ती येत्यात.”

तर मी आले. हातापायांवर, ओल्या बारदानावरून, दर हाताभर अंतरावर थांबून मागं बघत, आणि मागून बारा पिल्लं. दाणेदार तरटावर त्यांची नखं बरोबर रुतत होती. त्यांच्या दृष्टीनं सगळं यथासांग चाललं होतं. माझ्या दृष्टीनं, नवऱ्यांनी मोबाइल बाहेर काढला होता.

पिल्लं गारठली होती. आत्यांनी ती चुलीपासून हातभर लांब पाटीखाली झाकली आणि पाटीवर गोणपाट टाकलं. ना थर्मामीटर, ना चार्ट. पाटीवर तळवा ठेवून त्या ऊब बघायच्या. मग चार रोज खुराडं, चार रोज उन्हाच्या वेळी घमेल्यातलं पाणी, ते पण बोटभर. घमेल्यात विटेची पायरी. दिवस मावळायच्या आत आत, कारण कोंबडी अंधार पडला की घर गाठते, बदक अंधारातही हिंडत बसतं आणि मुंगसाला हेच हवं असतं. पाठीला पिसं भरली तसं आत्यांनी एक दिवस खुराड्याचं दार उघडंच ठेवलं आणि पुन्हा लसूण सोलत बसल्या. बारदानाची पट्टी तळ्याला कायमची लागली.

मी कॉलेजमुळे बारामतीला परतले होते. पुढच्या रविवारी धावत गेले, हाक मारली. बाराही जणांनी माना वर केल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत्यांच्या घमेल्यामागे निघून गेली. लॉरेन्झच्या गोष्टीचा हा भाग मी वर्गात सांगत नव्हते.

मोकळी बदकं काय करतात म्हणाल, तर पावसाळ्यात गोगलगायी फस्त करतात, हे खरं. पण ठिबकच्या ड्रिपरखालची ओल उकरून प्रत्येक डाळिंबाच्या बुडाशी स्वतंत्र डबकंही करतात. थंडीत भिगवणच्या पुढं कुंभारगाव-डिकसळला उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब येतात. हिमालयाच्या पलीकडून, तो ओलांडून. आमचे सहकारी दुर्बिणी घेऊन बघायला जातात. आमची बदकं शेजारच्या उसाचा बांध दिसला की माघारी फिरतात. मला हे हवंच होतं. उसात बिबट्या असतो असं म्हणतात.

दरम्यान मी स्टाफरूममध्ये कौतुक करत होते: सात बदकं इतकी शांत, इतकी गुणी, घसा बसल्यासारखं हळूच काहीतरी पुटपुटतात, पाच मात्र भयंकर कलकलाट करतात, त्यांना काही वळण नाही. दिवाळीत अंडी सुरू व्हायला हवीत म्हणून मी ट्रे विकत घेऊन गेले. खुराड्यात पहाटे पाच अंडी. दुसऱ्या दिवशी चार. मी वही काढली, दोन रेघांखालचं उत्तर पाहिलं आणि खाद्यात काय कमी पडतंय याचा विचार करायला लागले.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. “काय शोधतीस?”

“बाकीची सात घालत का नाहीत?”

“त्येंच्या शेपट्या बघ,” त्या म्हणाल्या. सातही जणांच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळून कुरळी झालेली होती. बदकांत मादी ओरडते, नराला धड आवाज नसतो. कुरळं पीस नराचं. हे मला माहीत होतं. कुठल्या पानावर आहे तेही माहीत होतं.

पाच माद्यांना एक नर पुष्कळ झाला. दिरांनी उरलेल्या सहांकडे निराळ्याच नजरेनं पाहिलं आणि मसाला वाटण्याबद्दल काहीतरी बोलले. मी ठणकावून सांगितलं की एकाच्याही पिसाला धक्का लागणार नाही. मग अंडी न देता, आवाज न करता, दिवसभर खाऊन सावलीत बसणाऱ्या सात जणांना पोसायचं कसं, असा प्रश्न नवऱ्यांनी काढला.

आत्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दिरांकडे. “ऱ्हाऊ देत की,” त्या म्हणाल्या. “दोन हायतीच घरात. आणि सात.”